ओढा ओलांडला की चढावर बंद, दहा मिनिटांनी आपोआप चालू: तीन महिन्यांनी सापडलेलं कारण

तुमची दुचाकी कार्बोरेटरवाली असेल, म्हणजे इंजेक्शनऐवजी कार्बोरेटर हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देत असेल, ती चिखल-दगडात जात असेल, तर तिचं हे असं होतं का बघा. घरून निघताना पहिल्या सेल्फला चालू. डांबरीवर काही तक्रार नाही. कच्च्या वाटेला लागल्यावर पाऊण-एक तासाने, बहुतेकदा ओढा ओलांडून पुढचा चढ लागला की, रेस दिल्यावर गाडी आधी गुदमरते, मग दोन आचके देते आणि बंद पडते. सेल्फ मारा, किक मारा, ढिम्म. दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा सेल्फ मारला की काही झालंच नव्हतं अशी चालू. पुढे अर्धा तास नीट, आणि परत तेच. मिस्त्रीकडे नेली तर तिथे मात्र एकदाही बंद पडत नाही.

माझ्या दोनशे सीसीच्या गाडीचं मागच्या पावसाळ्यात जुलैपासून सप्टेंबर संपेपर्यंत हेच चाललं होतं. नऊ वेळा बंद पडली, आणि नऊही वेळा जिथे थांबायला नको अशाच जागी.

कारण आधी सांगतो, कारण कोणी आत्ता नाशिककडच्या हरसूलच्या वाटेवर बंद गाडीपाशी उभं राहून हे वाचत असेल तर त्याला गोष्ट ऐकायला वेळ नसेल. कार्बोरेटरच्या बाजूंनी निघून खाली लोंबणाऱ्या बारीक नळ्या शोधा. त्या हवेच्या नळ्या आहेत. त्यांची टोकं चिखलाने बुजली आहेत का, पाण्यात किंवा ओल्या मातीत रुतली आहेत का, ते बघा. असतील तर टोक बोटांनी चेपून माती बाहेर काढा. निघत नसेल तर तेवढं टोक ब्लेडने कापून टाका. लगेच सेल्फ मारा. चालू झाली तर खोल पाणी टाळत घरी या, आणि बाकीचं घरी बसून वाचा.

कचरा, जो कधी नव्हताच

आमची रविवारची मंडळी पाच-सहा जणांची. दोघं सातपूरला कारखान्यात, एकाची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग, एक विज्ञान शिकवणारे सर, आणि सगळ्यांत मोठे दादा, ज्यांनी आम्हा सगळ्यांना पाय ठेवायच्या दांड्यांवर उभं राहून गाडी चालवायला शिकवलं. पहाटे निघायचं, त्र्यंबक रस्त्याने नाहीतर पेठ रस्त्याने, आणि दुपारी जेवायला घरी.

पहिल्यांदा बंद पडली ती पेठच्या बाजूला, सावळघाटाच्या पुढे आडवाटेला. तिकडचं पाणी पश्चिमेला दमणगंगेकडे धावतं, ओढे अरुंद आणि ओढीचे. पाणी गुडघ्याच्या खाली होतं, गाडी आरामात बाहेर आली, आणि पन्नास पावलांवर चढात मेली.

दादा म्हणाले, "कचरा आलाय. वाटी सोड."

कार्बोरेटरच्या तळाशी वाटी असते, तिच्यात फ्लोट तरंगतो, वाटी भरली की तो एका सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. वाटीच्या बुडाशी एक स्क्रू असतो. तो सैल केला, पेट्रोल वाहू दिलं, स्क्रू आवळला, सेल्फ मारला. चालू! सगळ्यांनी माना डोलावल्या. कचराच होता, गेला.

इथेच आमचे दोन महिने गेले. पुढे प्रत्येक वेळी आम्ही वाटी सोडायचो आणि प्रत्येक वेळी गाडी चालू व्हायची. त्यामुळे कचऱ्याबद्दल कोणालाच शंका उरली नाही, प्रश्न एवढाच उरला की तो येतो कुठून. मी पेट्रोल भरायची जागा बदलली. टाकी उतरवून दोनदा धुतली. पेट्रोल कॉकची जाळी काढून बघितली, ती स्वच्छ होती. तरी टाकी आणि कार्बोरेटरच्या मध्ये कागदी फिल्टर बसवला. कार्बोरेटर खोलून दोन्ही जेट, म्हणजे पेट्रोल वर चढतं ती बारीक छिद्रं, फवाऱ्याने धुतले, फ्लोटची सुई नवी टाकली. पुढच्या रविवारी वैतरणेच्या बाजूला गाडी पुन्हा बंद.

मग संशय इथेनॉलवर गेला. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी शोषून घेतं, हे खरं आहे, आणि पावसाळ्यात टाकीच्या झाकणातून पाणी झिरपू शकतं हेही खरं. पण गाडी डांबरीवर तासन् तास नीट चालायची, आणि टाकीत पाणी असतं तर ते डांबरी-कच्चा असा भेद करत बसलं नसतं. कोणी म्हणालं, उंचीमुळे. नाशिक शहरच समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, आणि आमच्या वाटा तिथून फार वर जात नाहीत. शंभर-दोनशे मीटरच्या फरकाने नीट जुळवलेला कार्बोरेटर असा मरत नाही. हा संशय मी लगेच सोडला.

त्यानंतर ठिणगीची बाजू. प्लग नवा, प्लगची टोपी नवी, मग प्लगला वीज पुरवणारी कॉइलही नवी, कारण गरम झाल्यावर ठिणगी द्यायचं सोडणारी आणि थंड झाल्यावर परत देणारी कॉइल मी मित्राच्या गाडीत स्वतः पाहिलेली आहे आणि लक्षणं अगदी तशीच होती. सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आसपास गेले. गाडी बंद पडतच राहिली.

टाकीच्या झाकणाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण या दुखण्यावर पहिला सल्ला नेहमी तोच मिळतो. झाकणात हवेचं बारीक छिद्र असतं. ते बुजलं की टाकीत निर्वात होतो, पेट्रोल खाली उतरत नाही आणि गाडी बंद पडते. मला तो सल्ला पटला. चौथ्या वेळी झाकण उघडलं, बंद केलं, गाडी चालू झाली. मी आनंदाने झाकण साफ केलं आणि विषय मिटला असं समजलो. पण हातमोजे काढायचे, टाकीवरची पिशवी सोडायची, चावी लावायची, यात आठ-दहा मिनिटं गेली होती, आणि तेवढ्या वेळात ती गाडी तशीही चालू झालीच असती. थांबल्याने आपोआप बरं होणाऱ्या दुखण्यात हा मोठा घात आहे. त्या दहा मिनिटांत तुम्ही जे कराल ते औषध वाटतं. पाचव्या वेळेपासून मी नियम केला: बंद पडली की घड्याळ बघायचं, दोन मिनिटांच्या आत एकच गोष्ट करायची, आणि लगेच सेल्फ मारायचा. झाकण दोन मिनिटांत उघडलं तेव्हा गाडी चालू झाली नाही. वाटी दोन मिनिटांत सोडली तेव्हा झाली. म्हणजे दोष वाटीच्या आसपास होता, एवढं तरी कळलं.

लोणच्याची बाटली

आमच्या सरांनी ऑगस्टच्या शेवटी एक साधी गोष्ट सुचवली. "पेट्रोल जमिनीवर सांडू नकोस. बाटलीत धर. कचरा आहे म्हणतोस ना, मग तो बघू तरी."

तोवर आम्ही दरवेळी अर्धी वाटी पेट्रोल ओढ्याच्या काठी मातीत सोडत होतो, आणि तेच पाणी खालच्या पाड्यावर भांड्यांत भरलं जातं. ते लक्षात आल्यावर मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून काचेची लोणच्याची रिकामी बाटली जुन्या टॉवेलात गुंडाळून माझ्या पिशवीत असते, आणि धरलेलं पेट्रोल घरी परत येतं.

सातव्या वेळी, त्र्यंबकच्या पुढे, बाटली वापरली. इंजिन जरा निवू दिलं, पेट्रोल कॉक बंद केला, वाटीच्या नळीखाली बाटली धरली आणि स्क्रू सैल केला. दोन गोष्टी दिसल्या. पेट्रोल सलग धारेने येत नव्हतं, गुडगुड करत, थांबून थांबून येत होतं. आणि बाटलीत आलेलं पेट्रोल लख्ख होतं. उन्हाकडे धरलं, एक कणही नाही. अर्धा तास स्थिर ठेवलं, तळाला पाण्याचा थर नाही. पांढऱ्या रुमालातून गाळलं, रुमालावर काही नाही.

म्हणजे वाटी भरलेली होती, पेट्रोल स्वच्छ होतं आणि ठिणगीही होती, कारण ती मी आधी तपासली होती. तरी इंजिनाला पेट्रोल मिळत नव्हतं.

घरी तेलाचा पत्र्याचा डबा फोडताना आई एकच भोक पाडत नाही. एका भोकातून तेल गुडगुड करत, अडत अडत येतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. हे सरांनी म्हणताच माझ्या डोक्यात लख्ख झालं. कार्बोरेटरची वाटी हा तसाच डबा आहे. इंजिन पेट्रोल ओढतं असं आपण म्हणतो, पण पेट्रोलला जेटमधून वर ढकलतो तो वाटीतल्या पेट्रोलवरचा बाहेरच्या हवेचा दाब. कार्बोरेटरच्या गळ्यात वेगाने जाणाऱ्या हवेमुळे तिथला दाब कमी होतो, वाटीत बाहेरचा पूर्ण दाब असतो, आणि या फरकाने पेट्रोल चढतं. वाटीत बाहेरची हवा पोचते ती त्या बारीक नळ्यांमधून. नळ्या बुजल्या की दुसरं भोक बंद. थोडं पेट्रोल गेलं की वाटीतला दाबही उतरतो, फरक संपतो, आणि पेट्रोल जागच्या जागी थांबतं.

वाटीचा स्क्रू सोडला की खालून हवेचे बुडबुडे आत जातात आणि दाब सारखा होतो. म्हणून गाडी चालू व्हायची. कचरा निघाल्यामुळे नव्हे, हवा शिरल्यामुळे. नुसतं थांबलं तरी जेटमधून हळूहळू हवा शिरून तेच व्हायचं, फक्त दहा मिनिटं लागायची. कधी कधी पेट्रोलचा उग्र वास यायचा आणि प्लग ओला निघायचा, त्याचंही उत्तर इथेच आहे. बंद, तापलेल्या इंजिनावर वाटीतली वाफ फुगते, तिला नळीतून बाहेर पडायला वाट नसते, मग ती पेट्रोल इंजिनात ढकलते.

पण मग जुलैच का?

हा प्रश्न मी पहिल्याच आठवड्यात विचारायला हवा होता. गाडीला चार वर्षं झाली होती आणि आधीचे तीन पावसाळे ती कधी बंद पडली नव्हती. जुलैच्या आधी नवीन काय केलं होतं? जूनमध्ये अंबडला एका फॅब्रिकेशनवाल्याकडून इंजिनाखाली ॲल्युमिनियमची जाड बॅश प्लेट करून घेतली होती. काम उत्तम होतं. प्लेटने माझं इंजिन दोनदा दगडांपासून वाचवलं आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण प्लेटच्या कडा वर वळलेल्या, म्हणजे ती परातच झाली, आणि हवेच्या नळ्यांची टोकं नेमकी त्या परातीत येऊन टेकली. आधी ती मोकळ्या हवेत लोंबत होती.

प्लेट उतरवली तेव्हा आत दोन बोटं जाडीचा चिखल होता. उजवी नळी त्यात गाडली गेली होती. माझ्याकडे बंद पडल्याच्या तारखा आणि जागा वहीत होत्या. त्या पुन्हा वाचल्यावर सगळं जुळलं. दिंडोरीच्या बाजूने, द्राक्षबागांच्या मधल्या गाडीवाटांनी गेलो की पुढच्या फेऱ्यांना हमखास त्रास. तिथली काळी माती ओली असताना डिंकासारखी चिकटते आणि वाळली की दगड होते. नळीच्या तोंडात बोटभर शिरून वाळलेलं ते बूच मी टाचणीने काढू शकलो नाही, नळीच कापावी लागली. त्र्यंबक-पेठकडचा तांबडा चिखल धुऊन निघतो, तो एकटा असता तर कदाचित काही झालं नसतं.

उजवी नळी कायमची बंद, डावी उघडी. एका नळीवर गाडी नीट चालते, म्हणून डांबरीवर आणि मिस्त्रीच्या दारात काहीच जाणवायचं नाही. ओढ्यात शिरलं की प्लेटमध्ये पाणी भरायचं, आतला चिखल ओला होऊन हलायचा आणि डाव्या नळीचं तोंडही झाकायचा. चढाला रेस दिली की पेट्रोल जास्त लागतं, आणि तिथे गाडी मरायची. थोड्या वेळाने प्लेटमधलं पाणी निथळलं की डावी नळी मोकळी. आमचा मिस्त्री बिचारा कोरड्या फरशीवर गाडी लावून तीन महिने कारण शोधत होता. तिथे ते दिसणं शक्यच नव्हतं.

खात्री कशी केली

या वेळी मला चुकीच्या औषधावर विश्वास ठेवायचा नव्हता, म्हणून दुखणं मुद्दाम परत आणून बघितलं. गंगापूर धरणाच्या बाजूला एका ओळखीच्या शेतकरी काकांचं पडीक रान आहे, थोडा चढ असलेलं. काकांना विचारून तिथे गेलो. नळ्या धुऊन दोन्ही मोकळ्या ठेवल्या: पंधरा मिनिटं चढ-उतार, काही नाही. उजव्या नळीत लाकडी खुंटी ठोकली: काही नाही. दोन्ही नळ्यांत खुंट्या: चढावर रेस दिल्यावर गाडी गुदमरली, तेच दोन आचके, बंद. एक खुंटी उपटली, लगेच सेल्फ, चालू. हे तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच झालं. तुम्हीही करा, पण मोकळ्या जागी, हेल्मेट घालून, आणि मागे कोणी नसताना. गाडी चढावर अचानक मरते तेव्हा मागे घसरते.

उपाय

डर्ट बाइकवाले जगभर करतात तोच उपाय आहे: प्रत्येक हवेच्या नळीत एक टी, म्हणजे इंग्रजी T सारखा तीन तोंडांचा जोड, घालायची. तिचा एक पाय आधीसारखा खाली, दुसरा वर टाकीखाली. खालचा पाय पाण्यात बुडाला किंवा बुजला तरी वरून हवा मिळते.

टी कुठे मिळेल म्हणून मी शोधत होतो, तर आमचा द्राक्षबागवाला हसत म्हणाला, "अरे माझ्या बागेत हजार पडल्यात." ठिबकच्या बारीक नळीला लागते ती छोटी प्लास्टिकची टी. दिंडोरी, पिंपळगाव, कुठल्याही ठिबकच्या दुकानात काही रुपयांत मिळते. आपल्या नळीचा तुकडा सोबत न्या आणि घट्ट बसते का ते तिथेच बघा. माझ्या गाडीवर ती सात महिने टिकून आहे, तरी दर सर्व्हिसला तडा गेलाय का ते बघतो. पितळेची मिळाली तर आणखी चांगलं.

नळी मात्र ठिबकची वापरू नका, ती ताठ असते आणि वळवली की मुडपते. मत्स्यालयाची मऊ पारदर्शक नळीही नको, पेट्रोलच्या वाफेने ती फुगते नाहीतर कडक होऊन चिरते. दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानात पेट्रोलची रबरी नळी मीटरवर मिळते, तीच घ्या.

बसवताना मी ज्या चुका केल्या आणि दुरुस्त केल्या त्या सांगतो. वर जाणारी नळी टीपासून टोकापर्यंत सतत चढती हवी. मधे झोळ राहिला तर गाडी आडवी पडल्यावर त्या झोळात पेट्रोल साचतं आणि तेच बूच होतं. माझं पहिल्या रविवारी हेच झालं, गाडी पडली, उचलली, आणि पाच मिनिटं कुरकुरत राहिली. अगदी शेवटचं टोक छत्रीच्या मुठीसारखं खाली वळवा, म्हणजे पावसाचं पाणी आत जाणार नाही. टोक टाकीखाली शांत हवेत ठेवा, वाऱ्याच्या झोतात नको. सायलेन्सरपासून आणि कॉइलपासून लांब ठेवा, कारण त्या नळीतून पेट्रोलची वाफ येते. प्लास्टिकच्या पट्टीने बांधताना करकचून आवळू नका. आमच्यातल्या एकाने दुसऱ्याच दिवशी तशी आवळून बांधली आणि हवेची वाट स्वतःच्या हाताने बंद केली. शेवटी टाकी बसवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि नळी कुठे चिमटत नाही ना ते बघा.

खालचे पाय बॅश प्लेटच्या वरच संपतील एवढे आखूड कापले, टोकाला तिरका छेद दिला, म्हणजे टोक कुठे टेकलं तरी तोंड पूर्ण झाकलं जात नाही. प्लेटला मागच्या बाजूला तळाशी अंगठ्याएवढी दोन भोकं पाडून घेतली. आता तिच्यात पाणी साचत नाही, आणि धुताना आतला चिखल त्याच भोकांतून निघतो. धुताना जोराचा फवारा थेट नळ्यांच्या तोंडावर मारायचा नाही, त्याने माती आणखी आत ठासली जाते.

वाटीच्या बुडाच्या स्क्रूपासून निघणारी नळी वेगळी, ती जादा पेट्रोल बाहेर सोडण्याची. तिला टी लागत नाही. तीही बुजू देऊ नका, पण या दुखण्याचं कारण ती नव्हे. घाईत लोक तीच नळी साफ करून समाधान मानतात.

तुमच्या नळ्या मोकळ्या असूनही गाडी मरत असेल तर

आधी ठिणगी, मग बाटली, हा क्रम पाळा. उलटा केलात तर सांडलेल्या पेट्रोलशेजारी ठिणगी पाडाल. पिशवीत एक जादा प्लग ठेवा, टोपीत घालून इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा आणि सेल्फ मारा. ठिणगी नसेल तर साइड स्टँडचा स्विच बघा, त्यात चिखल शिरला की गाडीला स्टँड खाली आहे असं वाटतं. मग हँडलवरचा इंजिन बंद करायचा लाल स्विच, मग प्लगच्या टोपीतलं पाणी. हे तिन्ही ठीक असतील आणि ठिणगी फक्त गरम असतानाच जात असेल तर कॉइल किंवा पिकअप, म्हणजे ठिणगीची वेळ सांगणारा सेन्सर.

ठिणगी आहे आणि बाटलीत काहीच आलं नाही, तर पेट्रोल वाटीपर्यंत पोचत नाही. स्क्रू सैल ठेवून कॉक उघडा आणि टाकीचं झाकण उघडा. झाकण उघडताच धार लागली तर झाकणाचं छिद्र बुजलंय. तरीही नाही लागली तर कॉक, फिल्टर, फ्लोटची सुई, या क्रमाने.

ठिणगी आहे, वाटी भरलेली आहे, नळ्या मोकळ्या आहेत, आणि किक मात्र गरम असताना नेहमीपेक्षा हलकी लागते, तर व्हॉल्व्हची फट तपासायला द्या. धुळीत एअर फिल्टरकडे दुर्लक्ष झालं की व्हॉल्व्ह बसत जातात, फट कमी होते, आणि तापल्यावर ते पूर्ण मिटत नाहीत. फट नेहमी थंड इंजिनावर मोजायची.

एक गोष्ट सगळ्यांच्या आधी बघायची: पाण्यात गाडी आडवी झाली असेल किंवा पाणी सीटपर्यंत आलं असेल, तर वरचं काहीही करू नका आणि सेल्फला हात लावू नका. एअर फिल्टरचा डबा उघडा. आत पाणी असेल तर प्लग काढून सेल्फ मारा, सिलिंडरमधलं पाणी भोकातून उडून जाऊ द्या. पाणी दाबलं जात नाही, जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकतो.

इंजेक्शनवाल्या गाडीला वाटीही नाही आणि या नळ्याही नाहीत. तिथे पडल्यावर बंद झाली तर चावी बंद करून पुन्हा चालू करा, कारण गाडी आडवी झाल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. टाकीच्या झाकणाचं छिद्र मात्र तिथेही लागू आहे.

ओढ्यांबद्दल आमच्यात ठरलेलं आहे ते इथे लिहून ठेवतो, कारण नळ्या वर नेल्या की खोल पाण्यात शिरायचा धीर वाढतो. बैलगाडीची वाट जिथून जाते तिथूनच ओलांडायचं, पाणवठ्यातून नाही. आवणी झालेल्या भाताच्या बांधावर चाक जाता कामा नये. बोरगड आणि अंजनेरी ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत, बोरगड तर २००८ मधलं राज्यातलं पहिलं, तिथे गाडी नेत नाही.

ऑक्टोबरपासून माझी गाडी या कारणाने एकदाही बंद पडलेली नाही. मंडळींपैकी ज्यांच्या गाड्या कार्बोरेटरच्या आहेत त्या चौघांनी टी बसवल्या. बसवताना प्रत्येकाची जुनी नळी कार्बोरेटरकडून काढून तिच्यात फुंकून बघितली. हे तुम्हीही पावसाळ्याआधी करा: फुंकर सहज पलीकडे गेली पाहिजे, तोंडाने ओढायचं मात्र नाही, आत पेट्रोल असतं. दादांची गाडी उन्हाळाभर गोठ्यात उभी होती, चिखलाला चाकही लागलेलं नव्हतं, म्हणून ते नको म्हणत होते. त्यांच्या दोन्ही नळ्या बंद निघाल्या. कापून बघितलं तर आत मातीचं नीट लिंपलेलं घर, कुंभारीण माशीचं.